खापरपणजीचा जलोदर

डॉक्टरांच्या केसपेपरवर एक छोटीशी रेघ असते : 'कुटुंबातील आजार'. बहुतेक वेळा तिथे 'विशेष नाही' असं लिहून पुढे जातात. पेशंटला घाई असते, डॉक्टरांना त्याहून जास्त. पण स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग यांच्या बाबतीत त्या रेघेवर काय लिहिलं जातं, यावर कधी कधी एखाद्या बाईचा जीव अवलंबून असतो. आणि ती रेघ नीट भरायची तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे, समुद्रापलीकडच्या एखाद्या खेड्यापर्यंत जावं लागतं.

पोलंडमधून अमेरिकेत गेलेलं एक कुटुंब घेऊ. कुटुंब कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक टप्पा अशा घराण्यांच्या कागदपत्रांत आणि कर्करोगाच्या अनुवंशिक तपासणीच्या दवाखान्यांत नेहमी भेटणारा आहे. साल २०१९. शिकागोतली एक शिक्षिका, वय ३८. तिची आत्या १९९१ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. आई आयरिश वंशाची, नवऱ्याचं आडनाव जर्मन. त्यामुळे बाईंच्या नावावरून पोलंडचा पत्ताच लागत नाही. नाताळात भावाने भेट म्हणून घरबसल्या लाळ तपासायचा संच दिला. नळीत थुंकायचं, पाकीट पोस्टात टाकायचं, काही आठवड्यांत आपले पूर्वज कुठले ते कळतं. सोबत आरोग्याचा अहवालही आला : बीआरसीए जनुकांतले तपासलेले तीन बदल आढळले नाहीत. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

गोष्ट इथेच संपायची. बाईंच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला म्हणून ती पुढे सरकली. कोणते तीन?

हा प्रश्न समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. काही घरांत स्तनाचा कर्करोग पिढ्यानपिढ्या दिसतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पण ते रक्तातून येतं की एका घरातल्या सारख्या राहणीमुळे होतं, यावर वाद होता. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांच्या गटाने २३ कुटुंबांच्या वंशावळी आणि त्यांतले १४६ रुग्ण अभ्यासून दाखवलं, की निदान काही घरांत तरी दोष सतराव्या गुणसूत्रावरच्या एका ठरावीक भागातून पुढे जातो. चार वर्षांनी, १९९४ मध्ये ते जनुक नेमकं हाती लागलं : बीआरसीए-१. पाठोपाठ १९९५ मध्ये बीआरसीए-२. पेशीतल्या डीएनएचा धागा तुटला तर तो बिनचूक जोडायचं काम ही जनुकं करतात. जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असेल तर दुसऱ्या प्रतीवर सगळी भिस्त राहते, आणि एखाद्या पेशीत तीही गेली की चुका साचत जातात.

१९९४चा शोध लावणाऱ्यांत अमेरिकेतल्या युटा राज्यातला गट आघाडीवर होता, हा योगायोग नव्हता. तिथल्या मॉर्मन पंथीयांना पूर्वजांच्या वंशावळी जपणं हे धर्मकार्य वाटतं. त्या वंशावळी राज्यातल्या कर्करोगाच्या नोंदींशी जोडल्या गेल्या आणि वैद्यकशास्त्राला एक अनमोल साधन मिळालं. याच पंथाच्या वंशावळ संस्थेने जगभरच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांची छायाचित्रं फिल्मवर घेऊन ठेवली आहेत. त्यांत पोलंडच्या वह्याही आहेत. त्यांचा उपयोग पुढे येईलच.

बीआरसीए-१ हे जनुक लांबलचक आहे. त्यात हजारो ठिकाणी बिघाड होऊ शकतो, आणि जगात वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळे बिघाड सापडतात. पण काही समाजांत मोजकेच बिघाड पुन्हा पुन्हा दिसतात. कारण सोपं आहे. शेकडो वर्षांपूर्वी एका कुणाच्या तरी शरीरात तो बदल झाला, त्याची किंवा तिची संतती वाढत गेली, आणि आज लाखो लोकांतून तोच एक बदल वाहतो आहे. याला 'मूळपुरुषाचा बदल' म्हणतात. मूळपुरुष म्हणायची पद्धत, एवढंच. तो बाईत झालेला असण्याची शक्यताही तेवढीच.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ग्राहकाला थेट मिळणारी बीआरसीएची पहिली चाचणी मंजूर केली, ती ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीची. तिच्यात तीनच बदल तपासले जात होते, आणि ते तिन्ही मध्य व पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू समाजात सर्वांत जास्त आढळणारे. उरलेल्या हजारो बदलांबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही, असं प्रशासनाने त्याच वेळी स्पष्ट बजावलं होतं. पुढे २०२३ मध्ये ही यादी वाढवण्यात आली. पण आपल्या शिक्षिकाबाई २०१९ मध्ये आहेत, आणि बारीक अक्षरातला मजकूर वाचायची सवय कुणालाच नसते.

आता पोलंड. पश्चिम पोलंडमध्ये, बाल्टिक समुद्राजवळ श्चेचिन हे शहर आहे. १९४५ पर्यंत ते जर्मनीत होतं. महायुद्धानंतर सीमा सरकल्या, जर्मन लोक गेले आणि देशाच्या वेगवेगळ्या भागांतून, शिवाय सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्वेकडच्या मुलखातून, पोलिश कुटुंबं तिथे येऊन वसली. म्हणजे या एका शहराच्या रुग्णालयात बसलं तरी जवळजवळ सगळ्या पोलंडची माणसं भेटतात. तिथल्या यान लुबिन्स्की यांच्या गटाने २००० साली पोलिश कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या घराण्यांत बीआरसीए-१ चे जे बिघाड सापडले, त्यांतले बहुतेक सगळे तीनच प्रकारचे होते. '५३८२ इन्स सी' या बिघाडात एक अक्षर जास्तीचं घुसलेलं असतं. '४१५३ डेल ए' मध्ये एक अक्षर गळलेलं असतं. आणि 'सी ६१ जी' मध्ये एका अक्षराच्या जागी दुसरं येऊन बसलेलं असतं. हे कळल्यावर पोलंडमध्ये संपूर्ण जनुक वाचण्याआधी हे तीन बदल स्वस्तात तपासायची पद्धत रूढ झाली.

या तिन्हींपैकी फक्त पहिला शिक्षिकाबाईंच्या चाचणीत होता. उरलेल्या दोघांना त्या चाचणीने विचारलंही नव्हतं. 'आढळले नाहीत' आणि 'शोधले नाहीत' यांतलं हे अंतर आहे.

पहिल्या बदलाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि सांगण्यासारखी आहे. '५३८२ इन्स सी' हा बरीच वर्षं ज्यू समाजाचाच बदल मानला जाई. मग २०११ मध्ये अनेक देशांतल्या नमुन्यांचा एकत्र अभ्यास झाला. बिघडलेल्या जागेच्या आजूबाजूचा डीएनए प्रत्येक पिढीत थोडा थोडा अदलाबदल होऊन तुटत जातो. जितक्या जास्त पिढ्या, तितका मूळचा तुकडा आखूड. तुकड्याच्या लांबीवरून वय काढता येतं. त्या हिशेबाने हा बदल सुमारे १८०० वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियात किंवा आजच्या उत्तर रशियाच्या भागात झाला असावा, आणि ज्यू समाजात तो सुमारे चार-पाचशे वर्षांपूर्वी, पोलंडमध्ये शिरला असावा असं निघालं. अमक्यांचा आजार, तमक्यांचं रक्त, या बोलण्याला जनुकशास्त्रात फारसा अर्थ उरत नाही तो असा.

डॉक्टरांनी शिक्षिकाबाईंना अनुवंशिकतेच्या समुपदेशकाकडे पाठवलं. तिथे पहिलं काम रक्त काढण्याचं नसतं. कागद घेऊन वंशावळ काढायची असते : पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळं भरायचं, मृत्यू झाला असेल तर तिरकी रेघ मारायची, आणि जी व्यक्ती समोर बसली आहे तिच्याकडे बाण. किमान तीन पिढ्या. प्रत्येकाचा आजार आणि तो कितव्या वर्षी झाला, हे लिहायचं. वय फार महत्त्वाचं. ऐंशीव्या वर्षी झालेला स्तनाचा कर्करोग आणि पस्तिसाव्या वर्षी झालेला कर्करोग यांचा अर्थ सारखा नसतो.

"माझ्या आईकडे कुणालाच नाही," असं बाई ठामपणे म्हणाल्या. जगातल्या बहुतेक बायका असंच म्हणतात. बायकांचा आजार बायकांकडूनच येणार, असं मनात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात बीआरसीए-१ हे लिंगठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नाही. ते वडिलांकडून येण्याची शक्यता आईकडून येण्याइतकीच, म्हणजे दर अपत्यामागे निम्मी. वडील स्वतः धडधाकट असतात, कारण पुरुषात या जनुकाचा धोका बराच कमी असतो. बिघाड त्यांच्यातून मुकाट्याने पुढे जातो. आत्या गेली ती वडिलांची बहीण. मग आत्याला तो कुणाकडून आला?

वडिलांना फोन केला. त्यांचं वय ७३. "आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पोटाचं काहीतरी होतं. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही." एवढंच.

इथून पुढचं काम डॉक्टरचं राहत नाही, दप्तर धुंडाळणाऱ्याचं होतं. आजीचा १९५८चा मृत्यूचा दाखला राज्याच्या दप्तरात मिळाला. वय ४६. कारण : पोटात सर्वत्र पसरलेला कर्करोग, मूळ जागा अनिश्चित. आज असा दाखला वाचणाऱ्या डॉक्टरच्या मनात पहिला संशय अंडाशयाचाच येईल. हा कर्करोग सुरुवातीला काहीच बोलत नाही. अपचन, पोट फुगणं, कंबर घट्ट होणं एवढ्यावर महिने निघून जातात, आणि कळतं तेव्हा तो पोटभर झालेला असतो. आज सोनोग्राफी असूनही निम्म्याहून जास्त बायकांचं निदान उशिराच होतं, मग १९५८ चं काय सांगावं.

त्या दाखल्यावर आजीच्या आईचंही नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. पोलिश कागदपत्रांचा हा मोठा गुण. बाप्तिस्म्याची नोंद असो, लग्नाची असो की मृत्यूची, बाई 'कोणत्या घरची' ते बहुधा लिहिलेलं असतं. आपल्याकडे घराघरांत भिंतीवर टांगलेल्या वंशावळींत वरपासून खालपर्यंत फक्त पुरुष असतात. लेकी आणि सुना जणू नव्हत्याच. वारसाहक्कासाठी ते चाललं असेल, पण डॉक्टरच्या दृष्टीने अशी वंशावळ म्हणजे अर्धा एक्स-रे.

तरी पोलिश आडनावं परक्यांना चकवतात. नवरा कोवाल्स्की, तर बायको आणि मुलगी कोवाल्स्का. अमेरिकेतल्या कारकुनाला ही दोन वेगळी घरं वाटली तर नवल नाही. कोवाल म्हणजे लोहार, त्यामुळे अमेरिकेत काहींनी सरळ 'स्मिथ' लावलं. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी नावं बदलली, ही गोष्ट अशा बहुतेक घरांत सांगितली जाते. ती खरी नाही. तिथले कारकून बोट सुटतानाच जहाज कंपनीने युरोपात केलेल्या यादीवर खुणा करत. नावं लोकांनीच बदलली, नंतर, नोकरीसाठी, शेजारासाठी, मुलांना शाळेत कुणी चिडवू नये म्हणून.

पणजी १९०९ मध्ये आली, वय २१, एकटी. 'झा ख्लेबेम' म्हणजे भाकरीच्या मागे, असं पोलिश लोक त्या काळच्या स्थलांतराला म्हणतात. आपण 'पोटासाठी' म्हणतो तेच. बोटीच्या यादीत तिचा देश ऑस्ट्रिया, आणि शेजारच्या रकान्यात वंश पोलिश. यात घोटाळा काही नाही. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंडचा उरलासुरला भाग वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत पोलंड नावाचा स्वतंत्र देश नकाशावर नव्हता. लाखो पोलिश माणसं अमेरिकेच्या दप्तरात रशियन, जर्मन किंवा ऑस्ट्रियन म्हणून शिरली ती यामुळे. १८९९ नंतर वंशाचा वेगळा रकाना आला म्हणून निदान त्यापुढच्यांचा माग लागतो. एलिस बेटावर सरकारी डॉक्टर जिना चढणाऱ्या माणसांकडे काही सेकंद बघून कोटावर खडूने खुणा करत : हृदयासाठी एक अक्षर, लंगडण्यासाठी दुसरं, डोळ्यांसाठी तिसरं. खुपऱ्या आहेत का ते बघायला बटण लावायच्या आकड्याने पापणी उलटी करत. शंभरातली सुमारे दोन माणसं परत पाठवली जात. पणजीच्या कोटावर खूण झाली नाही. तिच्यात जे होतं ते कोणत्याही डॉक्टरला दिसणारं नव्हतं, आणि खुद्द अनुवंशशास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होतं.

पणजी १९१८ च्या ऑक्टोबरात, तिशीतच इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. त्या साथीने विशीतिशीतल्या धडधाकट माणसांनाच जास्त गाठलं होतं. वंशावळीच्या कागदावर तिच्या वर्तुळात रोग भरायला काहीच नाही. नवशिका वाचणारा म्हणेल, पणजीला कर्करोग नव्हता, साखळी तुटली. अनुभवी समुपदेशक तसं म्हणणार नाही. तिशीत मेलेल्या बाईला पंचेचाळिसाव्या वर्षी काय झालं असतं, हे कागद सांगू शकत नाही. कर्करोग व्हायला आधी तेवढं जगावं लागतं.

स्थलांतरितांच्या आणि युद्धग्रस्तांच्या वंशावळी वाचताना हीच गोष्ट सर्वांत जास्त फसवते. सगळेच पोलिश परागंदा अमेरिकेच्या बोटीत बसले नव्हते. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे नेलं. १९४१ मध्ये त्यांची सुटका जाहीर झाली आणि १९४२ मध्ये त्यांतले काही कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचले. तिथून एक वाट आपल्या कोल्हापूरकडे आली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. पुढे ती कुटुंबं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगली. काही जण कोल्हापूरच्या मातीतच राहिले. त्यांची थडगी आजही तिथे आहेत.

अशा घराण्याची वंशावळ डॉक्टरपुढे येते तेव्हा एका पिढीत वर्तुळांवर रेघाच रेघा असतात. टायफस, हगवण, उपासमार, हिवताप. आजी पस्तिसाव्या वर्षी उझबेकिस्तानातल्या छावणीत गेली, मावशी इराणच्या किनाऱ्यावर गेली, आणि वाचलेली मुलगी वळिवड्यात वाढून लंडनला गेली. तिच्या लेकीला पन्नाशीत अंडाशयाचा कर्करोग होतो तेव्हा केसपेपरवर लिहिलं जातं, 'कुटुंबात विशेष नाही'. विशेष असायला कुटुंब उरलंच कुठे होतं? आता म्हणूनच बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की अंडाशयाच्या सर्वसाधारण प्रकारच्या कर्करोगात घराण्याचा इतिहास असो वा नसो, जनुकांची तपासणी करावी.

परत शिकागोच्या घराण्याकडे. बोटीच्या यादीत पणजीचं गाव लिहिलेलं होतं, तारनुव शहराच्या आसपासचं. म्हणजे गॅलिशिया, ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेला भाग. हे वंशावळ शोधणाऱ्याचं नशीब म्हणायचं. पोलंडचे तीन तुकडे झाले तशा मृत्यूच्या नोंदीही तीन तऱ्हांच्या झाल्या. रशियाच्या ताब्यातल्या भागात नेपोलियनच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने नोंद परिच्छेदात लिहीत, आधी पोलिशमध्ये आणि १८६८ पासून रशियनमध्ये. कोण साक्षीदार आले, त्यांची वयं काय, सही करता येते की नाही, सगळं असतं, पण माणूस कशाने मेला ते सहसा नसतं. प्रशियाच्या भागात १८७४ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली, त्याआधीचं शोधायचं तर चर्चच्या वह्या. ऑस्ट्रियाच्या भागात मात्र सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्येच रकाने आखून दिले होते. घराचा क्रमांक, नाव, धर्म, वय, आणि शेवटी लॅटिनमध्ये मृत्यूचं कारण. खापरपणजी कशाने गेली हे कळणार की नाही, ते तिच्या खेड्यावर कोणत्या राजाचं राज्य होतं यावर ठरायचं.

कारणाच्या रकान्यावर फार विसंबून चालत नाही. तो लिहिणारा बहुधा पाद्री असे, आणि सांगणारा गावातला प्रेत पाहणारा माणूस. 'ऑर्डिनारिया' म्हणजे साधा मृत्यू, असं पानोपानी लिहिलेलं सापडतं. 'फ्थिसिस' म्हणजे क्षय. 'डेबिलिटास' म्हणजे अशक्तपणा, हे तान्ह्या बाळांपुढे. 'सेनेक्टस' म्हणजे म्हातारपण, आणि तेही पासष्टीत. पोलिश भाषेत कर्करोगाला 'राक' म्हणतात, तोच शब्द नदीतल्या खेकड्याच्या भाऊबंद प्राण्यालाही. लॅटिन कॅन्सर, आपला कर्क आणि पोलिश राक, तिन्ही भाषांना या रोगात तोच नांगीवाला प्राणी दिसला. पण वह्यांत हा शब्द मुख्यतः वर दिसणाऱ्या, चिघळलेल्या गाठींपुढे येतो. पोटाच्या आत असलेलं त्या माणसांना दिसणार कसं?

पोलंडच्या नियमानुसार मृत्यूच्या नोंदी ८० वर्षांनी आणि जन्माच्या १०० वर्षांनी नागरी नोंदणी कार्यालयातून सरकारी पुराभिलेखागाराकडे जातात. त्यातल्या बऱ्याच आता संगणकावर बघता येतात, आणि स्वयंसेवकांनी नावांच्या प्रचंड सूची तयार केल्या आहेत. खापरपणजीची नोंद घराच्या क्रमांकावरून ओळखता आली, कारण एकाच गावात त्याच नावाच्या तीन बायका होत्या. मृत्यू १९०५, वय ४५. कारण एकाच शब्दात : 'हायड्रॉप्स'.

हायड्रॉप्स म्हणजे अंगात पाणी होणं. पोलिश शेतकरी त्याला 'पुख्लिना' म्हणत, सूज. आपले वैद्य 'जलोदर' म्हणाले असते, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काटकीसारखे. पोटातल्या पाण्याची कारणं अनेक. हृदय थकलं, यकृत आकसलं, मूत्रपिंडं बिघडली, आतड्यांच्या आवरणाला क्षय झाला, तरी पाणी होतं. अंडाशयाच्या कर्करोगातही होतं. पंचेचाळिशीची बाई, तिची नात सेहेचाळिशीत पोटभर पसरलेल्या कर्करोगाने गेलेली आणि पणती एकोणपन्नाशीत अंडाशयाच्या. हे सगळं एका ओळीत ठेवलं की संशय बळावतो. पण १९०५ च्या एका शब्दावरून निदान करणारा डॉक्टर स्वतःला फसवत असतो. समुपदेशकाने त्या वर्तुळात काळं भरलं नाही. बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

मात्र खापरपणजीच्या गावाने एक नक्की सांगितलं. ज्या ओळीतून आजार येत असावा, ती दक्षिण पोलंडची आहे, आणि तिथे कोणते बदल आधी शोधायला हवेत हे माहीत आहे. शिवाय कागदावरची ही वंशावळ बघितल्यावर भेटीदाखल मिळालेल्या चाचणीवर थांबणं शक्यच नव्हतं. बाईंचं रक्त घेऊन दोन्ही जनुकं संपूर्ण वाचली. बीआरसीए-१ मध्ये १८१व्या जागी एक अक्षर बदललेलं निघालं. हाच तो 'सी ६१ जी'.

त्याचा अर्थ आकड्यांत असा. हजारो स्त्रियांचा माग ठेवून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार बीआरसीए-१ बिघडलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे ७२ जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा आणि सुमारे ४४ जणींना अंडाशयाचा कर्करोग होतो. सर्वसाधारण बाईत अंडाशयाचा धोका शंभरात एक-दोन एवढाच. स्तनांवर एमआरआयने दर वर्षी लक्ष ठेवता येतं आणि गाठ लहान असताना पकडता येते. अंडाशयासाठी तशी भरवशाची तपासणी आजही नाही. सोनोग्राफी आणि रक्तातली सीए-१२५ ही तपासणी वेळेवर सावध करतील याची खात्री देता येत नाही. बीआरसीए-१ असलेल्या बाईला मुलं हवी तेवढी झाली की ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय आणि गर्भनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात तो यामुळे. शस्त्रक्रियेने पाळी अचानक थांबते, हाडं, झोप, मन सगळ्यावर परिणाम होतो. निर्णय सोपा नाही आणि तो डॉक्टरने लादायचाही नसतो. बाई अडतीस वर्षांच्या होत्या. विचाराला वेळ होता, पण फार नव्हता.

त्यांनी सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. काढलेल्या गर्भनलिकांचे बारीक काप करून तपासतात, कारण या कर्करोगांची सुरुवात पुष्कळदा अंडाशयात नव्हे, नलिकेच्या टोकाशी होते. त्यांच्या कापांत काही निघालं नाही.

एकदा घराण्यातला नेमका बदल कळला की बाकीच्यांची तपासणी एकदम सोपी होते. संपूर्ण जनुक वाचायची गरज नाही, फक्त ती एक जागा बघायची, आणि इथे 'नाही' या उत्तराला खरा अर्थ असतो. ज्या बहिणीत तो बदल नसेल तिला धोका चारचौघींएवढाच. कुटुंबातला बदल माहीत नसताना आलेलं 'नाही' मात्र तेवढं बोलत नाही. भारतात ही अडचण जास्तच आहे. आपल्याकडे इतक्या जाती-जमाती, इतक्या पिढ्या आपापल्यात लग्नं, आणि प्रत्येक समाजात वेगळे बदल. पोलंडसारखं तीन बदल तपासून इथे भागत नाही, संपूर्ण जनुकच वाचावं लागतं. आणि तपासणी शक्यतो घरातल्या कर्करोग झालेल्या व्यक्तीपासून सुरू करावी लागते. ती हयात असेपर्यंत.

शिक्षिकाबाईंच्या भावाने तपासणी करायला आधी नकार दिला. संच भेट देणारा तोच. "मला काय होणार आहे?" त्याला दोन मुली आहेत, हे समुपदेशकाने आठवण करून दिलं. आत्याचा मुलगा तयार झाला, त्याच्यात बदल निघाला नाही. वडिलांनी ७३व्या वर्षी रक्त दिलं आणि निकाल कळल्यावर बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. मुलीला आपणच हे दिलं, असं वडिलांना वाटतं. समुपदेशकांना या बापांशी पेशंटपेक्षाही जास्त वेळ बोलावं लागतं.

राहिली तारनुवजवळची शाखा. खापरपणजीला पाच मुलं झाल्याची नोंद चर्चच्या वहीत आहे. अमेरिकेला एकच गेली. उरलेल्या चौघांपैकी एक तान्हेपणीच दगावलं. त्याच्यापुढे 'डेबिलिटास' लिहिलेलं आहे. तीन मोठी झाली, त्यांची लग्नं त्याच वहीत आहेत. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिकडेच कुठेतरी असणार, आणि त्यांतल्या निम्म्यांना तरी शिकागोत आपलं कुणी आहे हे ठाऊक नसणार. बाईंनी पोलिश येणाऱ्या एका बाईंकडून पत्र लिहून घेतलं. पहिल्या परिच्छेदात कोण कुणाची कोण ते, दुसऱ्यात जनुकाचं नाव आणि बदललेल्या अक्षराची जागा, डॉक्टरला दाखवता येईल अशी. गावाच्या चर्चच्या पत्त्यावर ते पाठवलं. सोबत वंशावळीची प्रत जोडली होती. तिच्यात सगळ्यात वरच्या वर्तुळाशेजारचं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं होतं.